बेटर लेट दॅन नेव्हर

दोस्तांनो, मी हट्ट्याचा, मिल कामगार. इंग्रजी रद्दीतल्या कागदांवरून शिकलो. भोंग्याला दहा मिनिटं उशीर झाला की माझा अर्धा रोज कापला जातो. तिथं कुणी म्हणत नाही, 'बेटर लेट दॅन नेव्हर', न येण्यापेक्षा उशिरा आलास ते बरं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात आपल्या वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीचा पोचिराम कांबळे मारला गेला. उशीर त्यांचा, रोज कापला आपला.

मग हे वाक्य म्हणायचा हक्क कुणाचा? उशीर करणारा म्हणतो तेव्हा ती पळवाट. ज्यानं वाट पाहिली तो म्हणतो तेव्हा ते मोठं मन. आपण म्हणूही, पण आधी उशिराचा हिशेब मागू.