गुण येईल का?

आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो : या औषधाने गुण येईल का? दमा आणि श्वासनलिकांचा जुनाट दाह या व्याधींत तर हा प्रश्न एकदा विचारून सुटका होत नाही. प्रत्येक पावसाळ्यात, प्रत्येक थंडीत तो नव्याने उभा राहतो. अलीकडे डॉक्टर रक्ताची तपासणी करून आधीच सांगू लागले आहेत, की अमुक महागडे इंजेक्शन या रुग्णाला उपयोगी पडण्याचा संभव आहे, त्या रुग्णाला नाही. हे ऐकून काही भाविक अस्वस्थ होतात. उद्याचा दिवस देवाने स्वतःच्या हाती ठेवला असता माणसाने असे भाकीत करावे काय? आणि ज्याच्याविषयी ‘उपयोग नाही’ असे सांगितले गेले, त्याला आपण वाऱ्यावर सोडले असे होत नाही काय?

पहिल्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल. १९५६ साली ब्रिटनमध्ये जुनाट दम्याच्या रुग्णांना कॉर्टिझोन देऊन पाहण्यात आले आणि त्याचा विशेष लाभ होत नाही, असा निष्कर्ष निघाला. डार्बी येथील डॉ. हॅरी मॉरो ब्राउन यांनी मात्र रुग्णांचा कफ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. ज्यांच्या कफात इओसिनोफिल नावाच्या पेशी विपुल होत्या, त्यांना त्याच जातीच्या प्रेडनिसोलोन या औषधाने चांगला गुण आला. ज्यांच्या कफात त्या नव्हत्या, त्यांना आला नाही. हे त्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. औषध निकामी नव्हतेच. निरनिराळ्या माणसांना ‘दमेकरी’ या एकाच नावाखाली बसवून सरासरी काढली गेली होती, आणि त्या सरासरीत ज्याला गुण येत होता तो दिसेनासा झाला होता. पुढे पन्नास वर्षांनी हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. इओसिनोफिल पेशी कमी करणारे मेपोलिझुमॅब हे औषध निवड न करता दिले, तेव्हा २००७ च्या चाचणीत फारसे काही साधले नाही. २००९ साली लेस्टर आणि हॅमिल्टन येथे या पेशी जास्त असलेले रुग्ण निवडून ते दिले, तेव्हा दम्याचे झटके बरेच कमी झाले.

याला भविष्यकथन म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. समोरचा माणूस नीट पाहिल्याशिवाय असे सांगता येत नाही. शिवाय ख्रिस्तसभेची शिकवणही हेच मागते. १९८० साली व्हॅटिकनने दयामरणाविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात उपचार नैतिकदृष्ट्या बंधनकारक आहे की नाही हे ठरवताना त्याचे स्वरूप, धोका, खर्च, अपेक्षित परिणाम आणि रुग्णाची शारीरिक व मानसिक शक्ती ही सारी जमेस धरावयास सांगितले आहे. अपेक्षित परिणामाचा अंदाजच घ्यायचा नाही म्हटले, तर सदसद्विवेकबुद्धीने निर्णय तरी कशावर करावा? स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. ज्याला लाभ नाही त्याला त्या वर्षानुवर्षे देत राहणे ही दया नव्हे.

तरीही अंदाज तो अंदाजच. तो समूहावरून काढलेला असतो आणि लागू करायचा असतो एका माणसाला. त्यातही तो चुकण्याचे एक कारण आपल्या घरातच असते. पंपाची सवय लागते, ही समजूत अजून गेलेली नाही. लग्न ठरेपर्यंत मुलीचा पंप कपाटात दडवला जातो; खर्च वाचावा म्हणून म्हातारे बाबा दिवसाआड औषध ओढतात; अनेकांचे औषध तर घशातच राहते, फुप्फुसांत पोहोचतच नाही. म्हणून जाणते डॉक्टर नवे औषध लिहिण्याआधी ‘पंप कसा घेता ते दाखवा’ असे म्हणतात. (जाता जाता आमच्याही घरचे सांगतो : वेदीवरील धुपाने दमेकऱ्यांना त्रास होतो. सणाच्या मिस्सेला त्यांना दाराजवळची जागा द्यावी.)

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. ‘उपयोग नाही’ हे शब्द औषधाविषयी उच्चारलेले असतात. रुग्णाच्या कानी मात्र ते स्वतःविषयी पडतात, आणि दुर्दैवाने घरच्यांच्याही. त्या क्षणापासून त्याची खोली घरापासून तुटते. वास्तविक इंजेक्शन नसले तरी करण्यासारखे पुष्कळ उरते. धूम्रपान आणि चुलीचा धूर टाळता येतो, श्वसनाचे व्यायाम शिकता येतात, फ्लू व न्यूमोनियाच्या लसी घेता येतात, रक्तातील प्राणवायू फार कमी झाला असेल तर घरी ऑक्सिजन देता येतो. वर उल्लेखिलेल्या निवेदनातही निष्फळ उपचार थांबवण्याची मुभा आहे. नित्याची शुश्रूषा थांबवण्याची नाही.

असे इंजेक्शन निदान चार महिने देऊन पाहतात आणि गुण नसेल तर बंद करतात. तेवढ्यात घरातील शिल्लक संपलेली असते. मग एखादा मुलगा चाचरत आम्हांला विचारतो, “फादर, बंद केले तर पाप लागेल का?” नाही लागणार, असे आम्ही सांगतो, आणि विचारतो, रात्री बाबांच्या खोलीत कोण झोपते?