वावडे

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आमच्या घरातून माळ्यावरची भांडी, कपाटामागची जळमटे आणि माझ्या शिंका एकदमच बाहेर पडतात. परवा गाद्या उन्हात टाकल्या होत्या. त्यांतली एक मी काठीने झोडपायला घेतली, आणि चौथ्या फटक्याला जी सुरुवात झाली ती सतराव्या शिंकेवर थांबली. समोरच्या बिऱ्हाडातील आजोबा गॅलरीत उभे राहून मोजत होते, त्यांच्याकडून हा आकडा कळला. डोळे पुसून पाहिले, तो गादीच्या उन्हातल्या टोकावर मनी बसली होती आणि पुढचा पाय चाटून चाटून तोंड धूत होती.

मनी म्हणजे आमची मांजर. मला मांजरांचे वावडे आहे, तरी ती चार वर्षांपूर्वी आमच्या घरात आली आणि आमची झाली. या वाक्यातला ‘तरी’ हा शब्द लिहिताना हात जरासा थबकला. त्या दोन अक्षरांवर मी एके काळी बरीच ऐट केलेली आहे. पण ती हकीकत पुढे येईलच.

वावडे हा आपला जुना घरगुती शब्द. कोणाला वांग्याचे वावडे, कोणाला शेंगदाण्याचे, तर कोणाला भाऊबंदांचे. डॉक्टर त्याला ॲलर्जी म्हणतात. व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली दोन ग्रीक शब्द जोडून तो बनवला. आपल्या शास्त्रीय परिभाषेत त्यालाच ‘अधिहर्षता’ असे म्हटले आहे. शब्द मोठा आनंदी आहे. मला मात्र त्यातला हर्ष अद्याप गवसलेला नाही.

मनी घरात आली ती आषाढातल्या एका संध्याकाळी, माझ्या धाकटीच्या दप्तरातून. वाईच्या गणपती घाटावर पायऱ्या चढणाऱ्या पाण्याच्या कडेला हे पिल्लू ओरडत बसले होते. धाकटी तेव्हा तिसरीत होती. तिने वह्या मैत्रिणीकडे दिल्या आणि दप्तरात पिल्लू घातले. पहिले वर्षभर मला काहीही झाले नाही. मनी माझ्या मांडीवर झोपे, मी कादंबरीचे प्रकरण लिहीत बसलो की कागदावर येऊन बसे. तक्रार सुरू झाली ती दुसऱ्या पावसाळ्यात. आधी नाक, मग डोळे. पुष्कळ दिवस मी तो दोष वाड्यातल्या ओलीला दिला.

यात नवल असे काही नव्हते, हे मागाहून कळले. पिर्केच्या ध्यानात जी गोष्ट आली होती ती हीच. घोड्याच्या रक्तापासून काढलेला औषधी रस मुलांना टोचला, की पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेस त्रास लवकर होतो, असे त्याला आढळले. शरीर पहिल्या भेटीत बोलत नाही. ते पाहुण्याचा चेहरा ध्यानात ठेवते, त्याच्यासाठी शिपाई तयार करते आणि मग पुन्हा तोच पाहुणा दारात आला की रणशिंग फुंकते. पाहुणा बिचारा निरुपद्रवी असतो. हानी होते ती सारी आपल्याच शिपायांच्या धावपळीने.

आणि मांजराच्या बाबतीत हा पाहुणा कोण? मला वाटे, केस. ते खरे नव्हे. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत एक प्रथिन असते. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते, तिची बारीक धूळ होऊन हवेत तरंगते. म्हणजे मला जो त्रास होतो तो मनीच्या घाणीचा नव्हे. बराचसा तिच्या स्वच्छतेचा! ती दिवसभर जो सद्गुण आचरते, तोच माझ्या नाकात जातो. हे समजल्यापासून तिच्यावर रागावणे मला जमेनासे झाले, आणि रागावण्याची सोय गेली की माणूस विचार करू लागतो.

शाळेत एका मोकळ्या तासाला मी मुलांपुढे हा प्रश्न ठेवला. मांजर अंग चाटते, त्याने सरांना त्रास होतो. तर चूक कोणाची? एक म्हणाला, “सर, नाकाची.” वर्ग हसला. दुसऱ्याने मांजराला रोज आंघोळ घालण्याचा उपाय सुचवला. त्याने मांजर कधी पाळले नसावे. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसतो, तो सहसा बोलत नाही. तो म्हणाला, “सर, तुम्ही तिला ठेवली, म्हणून तुमची.”

मी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ काही म्हटले नाही. घंटा झाली हे बरे झाले.

श्रीरामानुजांच्या संप्रदायात पुढे दोन पंथ झाले, तेंकलै आणि वडकलै. त्यांच्यातला एक वाद प्रसिद्ध आहे. एक पक्ष म्हणतो, जिवाने देवाला माकडाच्या पिलासारखे घट्ट धरले पाहिजे. दुसरा म्हणतो, छे, मांजराचे पिल्लू काय करते? काहीच नाही. आईच त्याला मानगुटीला धरून उचलते आणि नेते. हा मार्जारन्याय मला फार आवडतो. पण दोन्ही पक्ष विचार करतात तो पिलाच्या बाजूने. आईला कोणी विचारलेले दिसत नाही. तिचे जबडे दुखत असतील की नाही? आणि दातांत पिल्लू असताना तिला शिंक आली तर?

त्या आषाढात आम्ही मनीला दातांत धरली होती. आता मला शिंक येत होती, म्हणून तोंड उघडायचे काय? माझा मेहुणा व्यवहारी माणूस आहे. तो म्हणाला, “भावोजी, माणसापेक्षा मांजर मोठं का?” मोठे नाही, हे मलाही मान्य आहे. पण उचललेली वस्तू लहान आहे म्हणून ती मध्येच सोडता येते, हे मला पटत नव्हते. उलट ती लहान आहे म्हणूनच सोडता येत नाही, असे माझे म्हणणे. आजही त्यातला निम्मा भाग मला खरा वाटतो.

पण माझी खरी फसगत झाली ती इथेच. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला त्याग फार लवकर दिसतो, विशेषतः स्वतःचा. घरी कोणी आले आणि माझे लाल डोळे पाहून त्यांनी चौकशी केली, की मी मनीकडे बोट दाखवीत असे. “अरेरे, एवढा त्रास होतो तरी ठेवलीत?” असे ते म्हणत. तो ‘तरी’ ऐकायला मला आवडू लागला. “काय करणार, मुका जीव आहे,” असे म्हणून मी नाक पुसत असे. सौ. त्या वेळी चहा ठेवायला आत जाई. ती आत का जाते याचा विचार मी केला नाही.

डॉक्टरांनी मला प्रारंभीच बजावले होते. “मास्तर, शिंका चालवून घेऊ, डोळे चालवून घेऊ. त्यांना गोळी आहे. पण छातीत शिट्टी वाजली तर ती दम्याची वर्दी समजायची, आणि त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. तिथं मांजराची भीड नको.”

गेल्या माघातल्या एका रात्री शिट्टी वाजली. श्वास सोडताना बारीक, दूरच्या गाडीसारखी. मी उठून बसलो, पाणी प्यालो, उशी भिंतीला लावून टेकून राहिलो. सौ.ने अंधारातच विचारले, “अहो, छातीत वाजतंय का?” मी म्हणालो, “छे, घशात कफ आहे.” दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. असे मी अकरा रात्री केले.

या अकरा रात्रींचा मी पुष्कळ विचार केला आहे. खोटे बोललो ते मनीसाठी, असे तेव्हा मनाला सांगत होतो. धाकटीचे मन मोडू नये म्हणून, असेही सांगत होतो. दोन्ही कारणे सभ्य होती. तिसरे कारण असे, की शिट्टी कबूल केली असती तर माझी गोष्ट संपली असती. मग मी कोणासाठी सोसणारा माणूस उरलो नसतो, नुसता आजारी माणूस झालो असतो. आणि ज्याला मी सोसणे म्हणत होतो ते तरी माझे एकट्याचे कुठे होते? शेजारच्या अंथरुणावर एक बाई जागी राहून माझे श्वास मोजत होती. मला वाटत होते, दान मी माझ्या गाठचे करतो आहे. रक्कम जात होती दुसरीच्याच पिशवीतून, आणि तिला कोणी विचारलेही नव्हते.

बाराव्या दिवशी शाळेतून घरी आलो, तर मनी नव्हती. तिची टोपली नव्हती, दुधाची ताटलीही नव्हती. धाकटीची मावशी साताऱ्याहून आली होती, तिने मनीला नेले, असे सौ.ने सांगितले. नेण्याची विनंती धाकटीची होती. मला प्रथम राग आला. मी धाकटीला म्हणालो, “अगं, मला विचारायचं तरी!” ती गृहपाठ करीत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तुम्ही आईला खोटं सांगत होता. मी ऐकलंय. मनीला काही कळत नाही, बाबा. तुम्हाला कळतं ना?”

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे शब्द वापरले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत. ओढायचा पंप सुरू झाला. पण गंमत अशी, की मनी जाऊन तीन आठवडे झाले तरी शिंका चालूच! मेहुण्याला वाटले, मांजर उगीचच घालवले. डॉक्टरांनी उलगडा केला. मांजर गेले तरी त्याची ती धूळ गाद्यांत, पडद्यांत, भिंतींवर महिनेच्या महिने राहते. आम्ही पडदे धुतले, जमीन रोज ओल्या फडक्याने पुसली. धाकटी पुसता पुसता एखादा केस सापडला की तो वहीत ठेवी. ती माझ्यासमोर रडली नाही. वैशाखात माझी छाती स्वच्छ झाली, आणि घर इतके शांत झाले की मला रात्री त्या शांततेने जाग येई.

साताऱ्याला मनी मजेत होती. मावशीकडे अंगण आहे, चिमण्या आहेत. मी भेटायला गेलो तर तिने मला ओळख दिली आणि लगेच पाठ फिरवली. परतताना एस. टी.त माझ्या मनात पुन्हा ते दातांतले पिल्लू आले. मांजरीण पिलांना सारखी या जागेतून त्या जागेत हलवते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. म्हणजे ती पिल्लू जन्मभर दातांत धरून बसत नाही. सुरक्षित जागा पाहून खाली ठेवते. खाली ठेवणे आणि टाकून देणे यांत फरक आहे, आणि तो मांजरीला कळतो. मी मात्र तोंड घट्ट मिटून बसलो होतो, आणि त्यालाच मी निष्ठा म्हणत होतो.

मग मनी परत का आली, असे कोणी विचारील. ज्येष्ठात आम्ही तिघे जेवणानंतर बसलो आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून बोललो. सौ.चे मत सर्वांत शेवटी निघाले. ती म्हणाली, “मला मनी हवी आहे. ती तुमच्या एकट्याची कधी नव्हतीच. पण मला रात्री झोपही हवी आहे.” डॉक्टरांनी छाती तपासून, फुंकर मारायच्या नळीत तीनदा फुंकायला लावून, नाखुशीनेच होकार दिला. अटी पुष्कळ आहेत. झोपायच्या खोलीचे दार मनीला कायम बंद. तिला हात लावला की हात धुवायचे. सकाळचा पंप चुकवायचा नाही. गाद्या मी झोडपायच्या नाहीत. परवाच्या सतरा शिंका हे त्या नियमाच्या भंगाचे फळ, आणि त्याबद्दल मी यथास्थित बोलणी खाल्ली आहेत. मावशीचे अंगण मोकळेच आहे. शिट्टी वाजली तर मनी पुन्हा तिकडे जाईल, आणि या वेळी टोपली मी उचलून नेईन, असे ठरले आहे. सध्या धाकटी रोज सकाळी शाळेला निघताना विचारते, “बाबा, छाती?” मी उत्तर देईपर्यंत ती उंबऱ्यावर उभी राहते.

या लेखाचा बराचसा भाग मी काल रात्री लिहिला. अकराच्या सुमारास दिवा मालवून पडलो. दाराच्या फटीखालून मनीने नेहमीप्रमाणे एक पंजा आत घातला होता, तो चांदण्यात दिसत होता. डोळा लागला नव्हता. दोनेक वाजता श्वास सोडताना मला अगदी बारीक, दूरच्या गाडीसारखे काहीतरी ऐकू आल्याचा भास झाला. खरेच ते होते, की बाहेरून, रस्त्यावरून आले, हे समजेना. मी श्वास धरून थोडा वेळ ऐकत राहिलो. मग हात लांब करून दिवा लावला आणि सौ.ला हाक मारली.