हट्ट कोणाचा?

आमची आठ वर्षांची नात परवां दुकानांत दुधांत घालावयाच्या एका पुडीच्या डब्यापुढें अडून बसली. मुलें हट्ट करितातच; त्यांत नवल तें काय? परंतु कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "हें प्यालें नाहीं तर मी बुटकीच राहीन ना, आजोबा?" तिच्या डोळ्यांत हांव नव्हती, भीति होती. तेव्हांपासून तो प्रश्न माझ्या मनांतून जात नाहीं.

लोभ आणि भीति यांत मोठें अंतर आहे. जत्रेंतला पिपाणीवाला आमच्याही लहानपणीं होता, आणि त्यानें आम्हांला भुलविलें नाहीं असें कोण म्हणेल? पण तो समोर उभा असे. त्याला पिपाणी विकावयाची आहे, हें पांच वर्षांच्या पोरालाही दिसे. आणि पिपाणी न मिळाल्यास आपण खुजे वा मंदबुद्धि राहूं, असें त्यानें कधीं सुचविलें नाहीं. आजचा विक्रेता दिसतच नाहीं. कधीं तो गोष्टींतल्या नायकाचें सोंग घेतो, तर कधीं मोबाईलच्या पडद्यावर खेळण्यांचीं खोकीं उघडणाऱ्या सवंगड्याचें. सवंगडी आपल्याला कांहीं विकीत असेल, ही शंका बालमनाला शिवावी तरी कशी?

ज्याला आपलें मन कोणी वळवीत आहे हेंच कळत नाहीं, त्याच्याशीं चाललेला हा व्यवहार न्याय्य कसा म्हणावा? कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें १९८० पासून १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिराती करण्यास बंदी केली. खेळणीं विकणाऱ्या एका कंपनीनें भाषणस्वातंत्र्याच्या नांवानें तिला आव्हान दिलें. १९८९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें बंदीच उचलून धरली. आपल्याकडेही २०२२ च्या मार्गदर्शक नियमांनीं, अमुक पदार्थानें मुलांची बुद्धि वा शारीरिक क्षमता वाढते असें पुराव्यावांचून सांगण्यास मनाई केली; आणि एप्रिल २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ऑनलाइन दुकानांना अशीं पेयें 'हेल्थ ड्रिंक' या वर्गांतून काढावयास सांगितलें, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत तशी व्याख्याच नाहीं.

हें सारें योग्यच झालें. पण कायद्याच्या आड उभें राहून आपली सुटका होत नाहीं. मी प्रामाणिकपणें आठवूं लागलों, तेव्हां आढळलें कीं ती भीति केवळ पडद्यावरून आलेली नव्हती. शेजारच्या मुलाची उंची, कोणाचे गुण किती, ही मोजदाद आमच्या जेवणाच्या पंगतींत रोजच चालते. तोच डबा दोन वर्षांपूर्वीं आम्हींच हौसेनें घरीं आणला होता, आणि मीं कौतुकानें दूध ढवळून दिलें होतें! जाहिरात मुलांशीं बोलते असें आपण म्हणतों. पुष्कळदां ती आईबापांच्या काळजीशीं बोलत असते, आणि मूल शेजारीं बसून ऐकत असतें. मग नुसता पडदा बंद करून काय साधणार?

त्या दिवशीं मीं डबा घेतलाही नाहीं आणि नातीला रागेंही भरलों नाहीं. तो उलटा करून मागचीं बारीक अक्षरें दोघांनीं मिळून वाचलीं. साखरेचा आंकडा तिनेंच शोधून काढला. "हा पुढच्या बाजूला कां नाहीं छापला?" तिनें विचारलें. "तुला काय वाटतें?" मीं म्हटलें. वाटभर ती गप्प होती. घरीं आल्यावर मात्र तिनें आईला गांठलें: "दर महिन्याला भिंतीवर माझ्या उंचीची रेघ तूं कशाला ओढतेस?"

सूनबाईंनीं माझ्याकडे पाहिलें. काय सांगावें, हें आम्ही अजून ठरवीत आहोंत.