धारेची हमी

लाकूडकामाचे अवजार वापरात आल्या दिवसापासून झिजू लागते. पितळी तांब्या एकदा घेतला की घेणारा आणि घडवणारा यांचा संबंध संपला तरी कोणाचे काही बिघडत नाही. पटाशी, वाकस, रंधा यांचे तसे नाही. त्यांचे मोल धारेत असते, आणि धार दर तासाला थोडी थोडी खर्च होते. म्हणून अवजार बनवणाऱ्याची ग्राहकसेवा दुकानातल्या आदरातिथ्यावरून किंवा पत्राला आलेल्या तत्पर उत्तरावरून पुरती कळत नाही. विकलेल्या अवजाराची धार राखण्यात तो पुढे किती काळ आणि किती वाटा उचलतो, ही तिची खरी मोजणी. हे नाते नीट दिसते ते कारागीर आणि अवजार करणारा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात तिथे. वाराणसी हे त्याचे एक ठिकाण आहे.

वाराणसीतले खोजवां आणि कश्मीरीगंज हे मोहल्ले लाखेच्या रंगाच्या लाकडी वस्तूंसाठी ओळखले जातात. लाकूड लेथवर फिरवून त्यावर काम करणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात, तिकडे खरादी. खेळणी, देवदेवतांच्या मूर्ती, एकात एक बसणाऱ्या बाहुल्या आणि लग्नात लागणारा सिंधोरा, म्हणजे कुंकवाचा झाकणाचा डबा, ही इथली ठरलेली कामे. या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि इथले ज्येष्ठ कारागीर गोदावरी सिंह यांना 2024 साली पद्मश्री जाहीर झाली. मात्र मानांकन मिळते ते तयार वस्तूला. ज्या अवजाराने ती वस्तू उतरते, त्याचा आणि ते घडवणाऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो.

वस्तूचा दर्जा अवजारावर किती अवलंबून असतो, हे सिंधोऱ्यावरून समजते. त्याचे झाकण आट्यांनी फिरवून बसवायचे नसते. ते नुसत्या घर्षणाने घट्ट बसावे लागते. कड जरा जास्त कापली गेली तर झाकण ढिले पडते, कमी कापली गेली तर ते बसत नाही किंवा लाकूड तडकते. पुढचे काम लाखेचे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पृष्ठभागावर पसरते. बोथट अवजाराने लाकडाचे तंतू कापले न जाता उचकटले असतील, तर लाख एकसारखी बसत नाही आणि कितीही घासले तरी चकाकी येत नाही. गिऱ्हाइकाला दिसतो तो रंग. त्या रंगाचे यश मात्र पोलादाच्या कडेवर आधीच ठरलेले असते.

अवजार आणि लाकूड यांची जोडी जमावी लागते. वाराणसीत पूर्वी या कामाला कोरैयाचे लाकूड वापरत. हे मराठीतल्या कुड्याच्या जातीचे झाड. लाकूड मऊसर, बारीक पोताचे आणि कातायला सोपे. जंगलातून ते मिळणे बंद होत गेले तसे खरादी निलगिरीकडे वळले. निलगिरी तुलनेने कठीण, पिळदार धाग्याची आणि वाळताना तडकणारी. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करतात. तिथली धार आणि तिचा कोन निलगिरीला तसाच्या तसा चालेल असे नाही. चांगल्या सेवेची पहिली पायरी म्हणूनच विक्रीच्या आधीची आहे: कोणते लाकूड, कोणती वस्तू, बसून काम की उभ्याने, हे विचारून मगच अवजार घडवणे. जमिनीवर बसून काम करणाऱ्याला जी मूठ सोयीची, ती मेजाशी उभ्याने काम करणाऱ्याला आखूड पडते.

दुसरी पायरी पाण्याची. अवजाराला पाणी देणे या शब्दांत एक पूर्ण शास्त्र सामावले आहे. धार धरणाऱ्या पोलादात साधारण 0.6 ते 1 टक्का कर्ब लागतो. मालमोटारींच्या जुन्या कमानी आणि झिजलेल्या कानशी यांत तो असतो, म्हणून देशभरचे लोहार हेच पोलाद पटाशांसाठी पुन्हा वापरतात. असे पोलाद सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते अतिशय कठीण होते आणि काचेसारखे ठिसूळही. मग ते पुन्हा हळूहळू तापवून थोडे नरम करावे लागते. उजळ केलेल्या पोलादावर त्या वेळी रंग चढत जातात: 220 अंशांच्या आसपास वाळलेल्या गवतासारखा पिवळा, नंतर तपकिरी, जांभळा, आणि 300 अंशांच्या सुमारास निळा. लाकडाच्या धारेला पिवळ्यापाशी थांबणे योग्य. रंग पुढे सरकू दिला तर धार लवकर वळते. आधीच आवरते घेतले तर तिचे टवके उडतात.

ही चूक डोळ्यांना दिसत नाही. साणेवर घासलेल्या दोन पटाश्या सारख्याच चमकतात. फरक कळतो तो कामाला लागल्यावर. गिऱ्हाइकाला पारख करता येत नाही अशा गुणाचीच विक्री इथे होते, आणि म्हणून अवजाराच्या व्यवहारात विश्वासाला इतके महत्त्व आले. धार वळल्याची तक्रार घेऊन खरादी परत आला की लोहारापुढे दोन वाटा असतात. वापर चुकीचा होता असे सांगून तो विषय संपवू शकतो, किंवा अवजार पुन्हा भट्टीत घालून नव्याने पाणी देऊ शकतो. दुसरी वाट त्याच्याही फायद्याची आहे. परत आलेली पटाशी त्याला आपल्या भट्टीचा हिशेब सांगते: पोलाद कोणते होते, उष्णता कुठे चुकली, कोणत्या लाकडाने ती हरवली. तक्रार ऐकून घेणारा कारागीर विनामोल परीक्षा करून घेत असतो.

तिसरी पायरी बदलाची सूचना देण्याची. जुन्या लेथवर लाकूड दोरीने मागे-पुढे फिरे, त्यामुळे अवजार एका फेऱ्यात कापी आणि दुसऱ्यात विसावा घेई. विजेची मोटार आल्यावर कापणे अखंड झाले, वेग वाढला आणि धार तापू लागली. साधे कर्बी पोलाद दोन-अडीचशे अंशांपुढे नरम पडत जाते. विजेच्या साणेवर बेताने न धरल्यास धारेची कड क्षणात निळी होते आणि पाणी उतरते. टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम मिसळलेले हायस्पीड पोलाद साडेपाचशे अंशांच्या आसपासही आपला कठीणपणा राखते. मात्र ते महाग असते आणि साध्या भट्टीत त्याला नीट पाणी देता येत नाही. कोणत्या कामाला कोणते पोलाद परवडेल, आणि आपल्या भट्टीत काय जमणार नाही, हे खरेपणाने सांगणे हाही सेवेचाच भाग आहे, मग त्यापायी एखादी विक्री हातची गेली तरी.

मराठी वाचकाला या नात्याचे जुने रूप बलुतेदारीतून माहीत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात तिचे तपशीलवार वर्णन आहे. लोहार आणि सुतार हे दोघेही बलुतेदार. लोहाराने वर्षभर फाळ शेवटवायचे, विळ्या-कुऱ्हाडींना धार करून द्यायची, आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा घ्यायचा. आजच्या भाषेत हा वार्षिक देखभालीचा करारच होता. मोबदला अवजारागणिक नसल्याने फाळ लवकर झिजण्यात लोहाराचा काही लाभ नव्हता. उलट चांगले पाणी दिले तर त्याचेच श्रम वाचत. मात्र या व्यवस्थेला ग्राहकसेवेचा आदर्श म्हणता येत नाही. काम जातीने ठरलेले होते, लोहाराला नाही म्हणायची सोय नव्हती, वाटा किती हे बहुधा देणाऱ्याच्या मर्जीवर होते, आणि वाईट लोहार बदलून घेणे गावालाही सोपे नव्हते. जबाबदारी होती, निवड नव्हती. बाजाराने निवड आणली आणि बऱ्याच ठिकाणी जबाबदारी सैल केली.

कारखान्यांनी हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला. 1869 साली अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीने लिओनार्ड बेली याच्या रंध्यांचे हक्क विकत घेतले. पुढे हे रंधे क्रमांकाने आणि ठरलेल्या मापांत निघत राहिले. त्यामुळे आजोबांच्या चार नंबरी रंध्यात नव्याने आणलेले पाते बहुधा बसते. लोहाराची ओळख जे काम करी, ते इथे माप करते. 1981 साली मेन राज्यात सुरू झालेली ली-नील्सन ही छोटी कंपनी त्याच जुन्या घाटाचे रंधे बनवते आणि सामग्री व घडणीतल्या दोषांबाबत आयुष्यभराची हमी देते. अशी हमी परवडते, कारण मुळात दोष कमी राहावेत एवढी किंमत आधीच घेतलेली असते. स्वस्त अवजारासोबत दिलेली मोठी हमी त्यामुळेच शंकास्पद ठरते.

भारतीय कायद्यातही या प्रश्नाला जागा आहे. व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक मानला जात नाही. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल या अपवादातून वगळावा, असे स्पष्टीकरण 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 1993 साली घातले गेले आणि ते 2019 च्या नव्या कायद्यातही कायम आहे. 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उलगडला. यंत्र घेऊन ते केवळ दुसऱ्याकडून चालवून घेणारा ग्राहक ठरत नाही. उपजीविकेसाठी ते स्वतः चालवणारा ठरतो, मग हाताखाली एक-दोन मदतनीस असले तरी. म्हणजे कश्मीरीगंजात स्वतःच्या लेथवर बसणारा खरादी कायद्याने ग्राहक आहे. अडचण पुराव्याची आहे. लोहाराकडून घेतलेल्या पटाशीची पावती नसते, आणि थोड्याशा रकमेसाठी दिवसाचे काम बुडवून कोणी ग्राहक आयोगाकडे जात नाही. मोठ्या यंत्रासाठी कायदा कामी येतो. छोट्या अवजारासाठी भट्टीपर्यंतची वाटच अधिक उपयोगी पडते.

सरकारी योजनांचा झोत प्रामुख्याने खरेदीवर असतो. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतार, लोहार, खेळणी बनवणारे यांच्याबरोबर हातोडी व अवजारसंच बनवणारेही आहेत, आणि अवजारसंचासाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. अवजार करणाऱ्याचा वेगळा उल्लेख होणे ही जमेची बाजू. तरी संच हाती आल्यावर त्याची धार कोण राखणार, सुटा भाग कुठे मिळणार, हे प्रश्न उरतातच. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या दुरुस्तीच्या हक्काच्या उपक्रमात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे धरली आहेत; कारागिराच्या हातातल्या अवजारांसाठी त्यात वेगळे क्षेत्र नाही.

या सर्व प्रकारांत चांगल्या सेवेची अंगे तीच राहतात: कामाला जुळणारे अवजार, पोलादाविषयी खरी माहिती, दोष निघाल्यास बिनशर्त दुरुस्ती, आणि झिजणारा भाग बदलून मिळण्याची सोय. लोहार ती ओळखीतून पुरवतो, कारखाना मापातून आणि लेखी हमीतून, कायदा हक्कातून. प्रत्येक मार्गाची मर्यादा दुसरा थोडीफार भरून काढतो. लोहाराने पोलादाचा प्रकार आणि तारीख लिहिलेली साधी चिठ्ठी दिली, तर ओळखीला पुराव्याची जोड मिळते. कारखान्याने कारागिरांच्या मोहल्ल्यातच धार आणि दुरुस्तीची सोय ठेवली, तर लेखी हमीला भट्टीची जवळीक येते. या दोन्ही गोष्टींना खर्च थोडा लागतो. अवजार विकल्यानंतरही आपलेच मानण्याची तयारी मात्र पूर्ण लागते.