हक्कसोड

पावसात शुक नदी फुगली की आमच्या खारेपाटणच्या बाजारपेठेत पाणी शिरतं. दुकानदार पोती माळ्यावर चढवतात, आणि पोराबाळांना वरच्या वाडीतल्या नातेवाइकांकडे धाडतात. त्या दिवशी 'येऊ का?' असं कुणी विचारत नाही. घर म्हणतात ते हेच, जिथे विचारावं लागत नाही.

माझ्या आत्येला मात्र विचारावं लागे. तिशीत विधवा झालेली. चतुर्थीला यायची, मागच्या पडवीत गोधडी अंथरायची, आणि पाचव्या दिवशी भावजयीचा चेहरा बघून पिशवी भरायची. "म्हायार आसा रे," ती मला एकदा म्हणाली, "पण कडी आतसून आसा."

ख्रिस्ती माणसाची मरणापलीकडची आशा घराचीच आहे. योहानाच्या शुभवर्तमानातल्या 14व्या अध्यायात येशू शिष्यांचा निरोप घेताना सांगतो की बापाच्या घरी जागेला तोटा नाही, मी पुढे जाऊन तुमची सोय करतो. यात अप्सरा नाहीत की पुण्याचा हिशेब नाही. घर आहे, आणि वाट बघणारा बाप. पंढरपूरला माहेर म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, ती उगाच नव्हे.

मी ख्रिस्ती नाही, आणि स्वर्गाच्या गोष्टींचा मला जरा संशयच येतो. 'इथे सोस, तिथे मिळेल' हे बायकांना सगळ्याच धर्मांनी ऐकवलं आहे. माझ्या आत्येलाही ऐकवलं होतं, पोथी वाचणाऱ्यांनी.

पण पंडिता रमाबाईंपाशी आलं की हा संशय लंगडा पडतो. त्या स्वतः विधवा, पदरात एक मुलगी. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं. सदन म्हणजे घरच. पुढे 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून त्यांनी केडगावला आणल्या. सासरने टाकलेल्या, माहेरने न घेतलेल्या अशा कितीतरी. देवाच्या घरी आपली जागा आहे याची ज्या बाईला खात्री होती, तिने माळरानावर विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला आणि मुलींच्या हाताला काम दिलं. या आशेने हातपाय गळत नाहीत, एवढं तरी केडगाव बघून कबूल करावं लागतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं तर याहून अवघड. नवरा, म्हणजे नारायण वामन, ख्रिस्ती झाला म्हणून त्या काही वर्षं दूर राहिल्या. परत आल्यावरही सोवळं सुटेना. त्यांनी आधी शिवाशीव टाकली आणि मग, 1900 साली, बाप्तिस्मा घेतला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. देवाच्या पंगतीला बसायचं तर आधी इथल्या पंगतीतला पाट सरकवून शेजारी जागा करावी लागते. हे ख्रिस्ती मंडळींनाही नेहमी जमलं असं नाही; गोव्यात चर्चच्या कोंफ्रारिया, म्हणजे भाविकांची मंडळं, पिढ्यान्‌पिढ्या जातवार चालल्या.

आणि आपण? वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. तरी बापाचं वर्ष सरायच्या आत बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतलं जातं. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही धास्ती. म्हणजे माहेर टिकवण्यासाठी घरावरचा हक्क सोडायचा! बापाच्या घरात जागा मागायची नाही, हीच तिथे येण्याची अट.

आत्येनेही सही केली होती. बदल्यात तिला एक नऊवारी आणि ओटीचा नारळ मिळाला. सही करताना कागद धरायला मी होतो, बारा वर्षांचा. तिने शाई सुकेपर्यंत फुंकर घातली, कागद माझ्या वडिलांकडे दिला, आणि विचारलं, "चतुर्थीक येव मां रे?"