आधीं कोणास वांचवावें?

महाडहून पोलादपुरास व तेथून आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास जाणाऱ्या प्रवाशास दोहों बाजूंचें रान सारखेंच हिरवें दिसतें. त्यांतून कोण नाहींसें झालें, हें वरवर पाहणाऱ्यास कळत नाहीं. संरक्षणास द्रव्य व माणसें मोजकींच असतात. तेव्हां रानांतल्या कोणत्या जीवाकडे आधीं लक्ष पुरवावें हा प्रश्न टळत नाहीं. तो शास्त्राचा समजून आपण वनखात्याकडे सोपवितों. आमच्या मतें तो मूळचा नीतीचा आहे.

आजवरची निवड बहुधा डोळ्यांनीं केली. शेकरू राज्यप्राणी ठरला. कोयना-चांदोलीच्या रानास २०१० सालीं व्याघ्रप्रकल्पाचा मान मिळाला. ह्यांत वावगें कांहीं नाहीं. वाघासाठीं राखलेल्या रानांत बेडूकही सुखानें राहतो. पण गिधाडाचें काय? बोडकी मान, मेलेल्या जनावरावरचें जेवण! जटायूस रामायणांत मान देणारे आपण, त्याच्या वंशाचें नांव शिवीसारखें वापरतों. म्हसळ्याकडे चिरगांवच्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचीं, तर महाड तालुक्यांत नाणेमाचीच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांचीं घरटीं आढळलीं आहेत. १९९२ ते २००७ ह्या काळांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें भारतांत हजारीं एक ह्या प्रमाणांत उरलीं. दुखणाईत गुरांस टोचलेलें डायक्लोफिनॅक हें औषध मेल्या गुराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाई आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करी, हें २००४ सालीं उघड झालें. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं त्यावर बंदी घातली.

गिधाड गांव स्वच्छ ठेवतें म्हणून तें वांचवावें, असें पुष्कळ म्हणतात. तें खरेंच, पण उपयोग हेंच माप धरलें, तर ज्याचा उपयोग आपणांस अजून कळला नाहीं त्या जीवानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें? आम्ही ऋणाचें माप धरतों. जें आमच्या हातून बुडालें, त्याचें देणें पहिलें. गुराख्यानें औषध दयेनें दिलें होतें, हें कबूल. पण घेणेकऱ्यास ऋणकोच्या हेतूशीं काय कर्तव्य? रान तोडलें म्हणून शेकरूही घेणेकरी आहेच. मात्र अनेक घेणेकऱ्यांत जो मरणाच्या दारीं आहे, त्याचें आधीं चुकवावें लागतें. गिधाडाची मादी वर्षास एकच अंडें घालते. हें देणें फिटावयास पिढ्या लागतील.

आणि तें फेडावयाचें कोणीं? शहरांत बसून आम्ही ऋण मान्य करतों, मेलेलें ढोर न पुरतां उघड्यावर टाकून दुर्गंधी सोसतो तो गांवकरी. कोंकणांतलें पुष्कळसें रान मालकीचें आहे. घरटें असलेलें झाड मालकानें विकलें, तर त्याच्या हातीं रोख पैसा येतो. उभें ठेवलें तर कांहीं येत नाहीं. त्या झाडाची किंमत आम्हीं भरावयास तयार आहों काय, हें आधीं त्यास सांगावें. मग गिधाडाचें नांव यादींत वर लिहावें.