निरंक

जिल्ह्याच्या कचेरीकडे दरमहा रवाना होणाऱ्या तक्त्यांत एक शब्द इतक्या सहजतेने लिहिला जातो की तो लिहिताना लेखणी क्षणभरही अडखळत नाही. तो शब्द म्हणजे ‘निरंक’. माझे एक दिवंगत आप्त, ज्यांना आम्ही सारी मुले नाना म्हणत असू, एका तालुक्याच्या आरोग्य कचेरीत बारनिशीचे काम पाहत, आणि मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे राहावयास जाई तेव्हा महिनाअखेरीच्या रात्री कंदिलाच्या उजेडात माहेवार तक्ता पुरा करीत बसलेले नाना मी पुष्कळदा पाहिले आहेत. डाव्या हाताला गावांची नावे, माथ्यावर पटकी, देवी, विषमज्वर अशी आजारांची ओळ आणि मध्ये रकान्यांचे लालसर जाळे. ज्या गावाहून कागद रुजू झाला असेल त्याच्यापुढे आकडा पडे, आणि ज्या गावाहून काहीच आले नसेल त्याच्यापुढे, मुदत टळू नये म्हणून, वळणदार अक्षरात ‘निरंक’ पडे. एकदा मी विचारले, ‘‘नाना, या गावात कोणीच आजारी पडलं नाही?’’ टाक दौतीत बुडवीत नाना म्हणाले, ‘‘गावाचं मला काय ठाऊक, बाळ? कागद आला नाही, एवढं ठाऊक.’’

त्या उत्तरात केवढा प्रश्न दडलेला आहे हे कळावयास मला निम्मे आयुष्य लागले. शब्दाची फोड केली तर ‘निरंक’ म्हणजे ज्याला अंक नाही ते. शून्य हा अंक आहे. मोजून पाहिले आणि काही आढळले नाही, असे तो सांगतो. निरंक तेवढेही सांगत नाही. त्यात मोजणीचाच अभाव असू शकतो. कारकुनी भाषेने हा शब्द घडविला तो मोठ्या प्रामाणिकपणे, परंतु वाचणाऱ्या साहेबाने तो पहिल्या दिवसापासून शून्य असाच वाचला, आणि गावात आजार नाही, सबब औषध धाडण्याचे कारण नाही, असा शेरा मारून तो मोकळा झाला.

‘नाही’ हे ज्ञान आपल्याला होते तरी कशाने, हा प्रश्न आपल्याकडील दार्शनिकांनी फार बारकाईने हाताळला आहे. जमिनीवर घट नाही, हे मला कळते. पण जो घट तेथे नाहीच त्याच्याशी माझ्या डोळ्यांचा संनिकर्ष व्हावा कसा? कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी यासाठी ‘अनुपलब्धी’ हे सहावे प्रमाण मानले, आणि अद्वैत वेदान्त्यांनी ते उचलले; नैयायिकांना वेगळ्या प्रमाणाची गरज वाटली नाही, त्यांच्या मते अभावही इंद्रियांनीच कळतो; प्राभाकरांनी तर अभाव नावाचा स्वतंत्र पदार्थच नाकारला. हा वाद रंजक असला तरी मला त्यातील एका अटीचे मोल अधिक वाटते. नुसती अनुपलब्धी पुरत नाही, ती ‘योग्यानुपलब्धी’ असावी लागते. म्हणजे घट तेथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. काळोख्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. आणि जे स्वभावतःच दृष्टीस पडणारे नाही, जसे या चर्चांत वारंवार डोकावणारे ते पिशाच, त्याचा अभाव तर न दिसण्यावरून कधीच सिद्ध होत नाही. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार हा असा कमवावा लागतो. तो ज्याने कमावलेला नाही त्याचे ‘नाही’ हे चुकीचे ठरो वा योगायोगाने बरोबर ठरो, ते ज्ञान नव्हे.

हे सारे मला आठवले ते २०२१ च्या उन्हाळ्यात. करोनाच्या दुसऱ्या लाटेतून उठलेल्या माणसांना, आणि त्यांतही ज्यांची साखर अनावर वाढली होती वा ज्यांना स्टेरॉइडे दिली गेली होती त्यांना, म्युकरमायकोसिसने गाठले. या बुरशीचे बीजकण मातीत, कुजक्या पालापाचोळ्यात, शिळ्या भाकरतुकड्यावर सर्वत्र असतात आणि निरोगी माणूस ते रोज श्वासावाटे घेतो व विसरतो. पण त्या दिवसांत गालाला बधिरता यावी, टाळूवर काळी खपली दिसावी, आणि पाहता पाहता शल्यवैद्याला वरचा जबडा, प्रसंगी डोळाही, काढून टाकावा लागावा, असे घरोघर ऐकू येऊ लागले. २० मे रोजी केंद्र सरकारने राज्यांना कळविले की १८९७ च्या साथरोग कायद्याखाली हा आजार अधिसूचित करावा, प्रत्येक रुग्णाची, नव्हे प्रत्येक संशयिताचीही, वर्दी द्यावी. जुलैच्या मध्यापर्यंत ४५,००० हून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू दफ्तरी लागले. त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता.

पण त्यापूर्वी? त्यापूर्वी हा आजार बहुतेक जिल्ह्यांच्या कागदोपत्री निरंक होता. नव्हता असे मात्र नाही. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी या बुरशीचा हिशेब फार आधीपासून ठेवीत होते. त्यांच्या एका रुग्णालयात १९९० पासूनच्या दहा वर्षांत १२९ रुग्ण आढळले आणि पुढच्या पाचच वर्षांत १७८. आता यावरून आजार वाढला असे समजावे, की पाहणारा डोळा तयार झाला असे? दोन्ही थोडेथोडे खरे असावे. परंतु जेथे डोळाच नव्हता तेथल्या शांततेविषयी कोणते विधान करावे, हा प्रश्न मला संख्याशास्त्राइतकाच धर्माचा वाटतो. कारण साक्षीदाराने न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देऊ नये हा दंडक आपण ‘आहे’ म्हणणाऱ्यालाच लावतो, ‘नाही’ म्हणणाऱ्याला कोणी शपथ घालीत नाही.

यापेक्षाही अवघड प्रकार म्हणजे दिसते, पण भलतेच दिसते. शिंपल्याच्या जागी रुपे दिसावे तसे. क्षयाचे औषध पुरे केलेल्या माणसाच्या फुप्फुसात पोकळी उरते, तीत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी ठाण मांडते, वर्षा-दोन वर्षांनी खोकला, वजनाची घट, बेडक्यात रक्त ही जुनीच लक्षणे परततात. आणि थुंकीत जंतू सापडोत वा न सापडोत, ‘क्षय उलटला’ असे म्हणून तीच औषधे पुन्हा सुरू होतात. रक्तातील प्रतिपिंडांची एक तपासणी हा घोळ बऱ्याच अंशी सोडवू शकते, पण तालुक्याच्या ठिकाणी ती सहसा नसते. क्षयाची वर्दी देणे २०१२ पासून बंधनकारक आहे, त्याचे दफ्तर ‘निक्षय’ या नावाने चालते (नावातच नकार असलेले दफ्तर, याचे मला नेहमी कौतुक वाटते). अशा काटेकोर दफ्तरातही बुरशीचा रुग्ण क्षयाच्या नावाने रुजू होतो, आणि बुरशीचा रकाना असता तर तो निरंकच राहिला असता. कॅन्डिडा ऑरिसची कथाही याच जातीची. २००९ मध्ये जपानमधील एका स्त्रीच्या कानातून ती वेगळी काढून वर्णिली गेली, म्हणून लॅटिनमधील कानावरून तिचे नाव पडले. मग जुने साठवलेले नमुने चाळता दक्षिण कोरियात १९९६ साली एका रुग्णाच्या रक्तात तीच होती असे निष्पन्न झाले. मधली तेरा वर्षे ती निनावी होती, आणि पुढेही कित्येक रुग्णालयांतील यंत्रे तिला दुसऱ्याच कॅन्डिडाच्या नावाने ओळखीत राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९ घातक बुरशींची पहिली यादी काढली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. तोवर जिवाणूंच्या अशा यादीला पाच वर्षे उलटून गेली होती.

येथवर ‘योग्यता’ म्हणजे दिवा, डोळा आणि प्रयोगशाळा असे मी धरून चाललो आहे. पण ज्या कायद्याखाली २०२१ ची वर्दी मागितली गेली त्याच कायद्याचा जन्म आठवला की योग्यतेची आणखी एक बाजू उघडी पडते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाला प्लेग या त्याच्या खऱ्या नावाने ओळखले, आणि पुढच्या फेब्रुवारीत सरकारने हा कायदा केला. पुण्यात त्याची अंमलबजावणी रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती आली. गोरे शिपाई माजघरापर्यंत, देवघरापर्यंत शिरले, बायाबापड्यांना चारचौघांत तपासले गेले. परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपविले, गाठी लपविल्या, प्रेतेही लपविली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली हे सर्वश्रुत आहे. माझ्या विषयापुरते सांगायचे तर, दिव्यांची, डोळ्यांची आणि हुकुमांची अशी रेलचेल असूनही ती दृष्टी आंधळी होती, कारण तिच्या भयाने दृश्य वस्तूच अदृश्य झाली. घट जमिनीवरच होता. घरधन्याने त्यावर घोंगडी टाकली होती. मराठीत ‘पाळत’ आणि ‘सर्वेक्षण’ हे दोन शब्द वेगळे आहेत ते उगाच नव्हे. पाळत ठेवली जाते ती चोरावर. पाहणाऱ्याविषयी पाहिल्या जाणाऱ्याच्या मनात जो भरवसा असतो, तोही उपलब्धीच्या सामग्रीत मोजावा लागेल, हे जुन्या मीमांसकांनी सांगितलेले नाही. घट लपत नाही, त्यामुळे त्यांना ते सांगण्याचे प्रयोजन पडले नसावे.

कोणी म्हणेल, हा सारा पंडिती खटाटोप आहे. बाण रुतलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचे कूळ विचारीत बसू नये हा बुद्धाचा दृष्टान्त येथे लागू पडतो, तेव्हा मोजदाद राहू द्या, औषध द्या. या आक्षेपाला मी हलके लेखीत नाही. पण २०२१ च्या त्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसवरील अ‍ॅम्फोटेरिसिन नावाच्या औषधाच्या एकेका कुपीसाठी माणसे गावोगाव वणवण फिरत असताना केंद्राने २३,६८० जादा कुप्या राज्यांना वाटून दिल्या, त्या रुग्णांच्या नोंदलेल्या संख्येच्या प्रमाणात. ज्याची नोंद झाली त्याच्या वाट्याला निदान रांग तरी आली. येथे मोजणे हाच बाण उपसण्याचा आरंभ होता, आणि नानांच्या तक्त्यावर कोणाची कुपी कधी अडली असेल का, हा विचार तेव्हापासून मला सोडीत नाही.

गेल्या वर्षी एका परिचित डॉक्टरांच्या ओळखीने मी एक बुरशीची प्रयोगशाळा पाहावयास गेलो. तेथील तरुण तंत्रज्ञ बाईंनी काचपट्टीवर ऊतीचा कण ठेवला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला, आणि माणसाचे मांस विरघळून मागे काय उरते ते मला सूक्ष्मदर्शकातून दाखविले: रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू. ‘‘हे झालं ‘आहे’,’’ त्या म्हणाल्या. ‘‘याला दहा मिनिटं पुरतात. पेटवली तर ही बुरशी दोन-तीन दिवसांत झाकणाला टेकते.’’

‘‘पेटवली?’’

त्या हसल्या. ‘‘म्हणजे माध्यमावर लावली, काका. आमची बोली.’’

मग त्यांनी फडताळ उघडले. तिरक्या गोठविलेल्या पिवळसर माध्यमाच्या नळ्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर तारीख. बहुतेक स्वच्छ होत्या. काहीच उगवलेले नव्हते. त्यांतील एक काढून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली, फिरवून पाहिली. मी विचारले, ‘‘हिच्यात तर काही नाही. मग हिचा अहवाल?’’

‘‘अजून तिसरा आठवडा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चार आठवडे झाल्याशिवाय ‘नाही’ लिहीत नाही आम्ही. आणि तेव्हाही ‘या नमुन्यात वाढ आढळली नाही’ एवढंच लिहितो.’’ असे म्हणून त्यांनी नळी पुन्हा तिच्या जागी ठेवली आणि फडताळाचे दार लावून घेतले.